ऑफ-रोड गाडीचा इलेक्ट्रिक स्टिअरिंग रॅक बदलताना: आधी डेटा वाचून ठेवा, मग पाना लावा

करूळ किंवा भुईबावडा घाटात मोठ्या टायरची गाडी खड्ड्यात आपटली की धक्का टाय रॉडवरून (चाकाला रॅकशी जोडणारा दांडा) थेट स्टिअरिंग रॅकवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या जुळणीवर, जातो. चंदगड-आजऱ्याकडच्या जांभ्या दगडाच्या वाटांवर तर एक चाक दगडात अडकलेलं असताना ड्रायव्हर स्टिअरिंग ओढत असतो. रॅकसाठी यापेक्षा वाईट अवस्था नाही. गाडी उंच केली, टायर मोठे केले, पण स्टिअरिंग मूळचंच ठेवलं, तर आज ना उद्या रॅकचं काम निघणारच.

पूर्वी हे काम सोपं होतं. हायड्रॉलिक रॅक उतरवायचा, नवा चढवायचा, तेल भरायचं, हवा काढायची. इलेक्ट्रिक रॅकमध्ये मोटर, ड्रायव्हरचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर आणि कंट्रोल मॉड्यूल रॅकच्या अंगालाच बसवलेलं असतं. त्यामुळे रॅक बदलला की गाडीतला एक कॉम्प्युटरच बदलतो. नव्या कॉम्प्युटरला गाडी कुठली, व्हेरिएंट कुठला, पार्क असिस्ट आहे की नाही, काहीच ठाऊक नसतं. सगळे बोल्ट नीट आवळूनही स्टिअरिंग दगडासारखं जड राहतं ते बहुतेक वेळा यामुळेच.

म्हणून आधी आपल्या गाडीत काय आहे ते ओळखा. २०२० नंतरची तीन दारी थार, फोर्स गुरखा आणि इसुझू व्ही-क्रॉस यांचं पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. त्यांच्या मालकांना या लेखातला यांत्रिक भाग उपयोगी पडेल, प्रोग्रॅमिंगचा भाग लागणार नाही. जिम्नीला इलेक्ट्रिक मदत आहे, पण रॅक नाही. तिथं रिसर्क्युलेटिंग बॉलचा गिअरबॉक्स आणि सलग अॅक्सल आहे, त्यामुळे तिचं गणित वेगळं. थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन आणि २०१६ नंतरची फोर्ड एंडेव्हर या इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्या. खाली उदाहरण एंडेव्हरचं घेतलं आहे. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि तेव्हापासून अशा कामात मालकाला स्वतःच जास्त लक्ष घालावं लागतं. शिवाय तिच्या मॉड्यूलमधला डेटा मालकाला स्वतः वाचता येतो, ही मोठी सोय आहे.

रॅक खरंच गेला आहे का?

स्टिअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की लगेच रॅकचं नाव घेतलं जातं. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा टाय रॉड एंड, आतला बॉल जॉइंट, लोअर बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, रॅकचे रबर बुश किंवा स्टिअरिंगला रॅकशी जोडणाऱ्या इंटरमीडिएट शाफ्टचा क्रॉस यांपैकी एकात असतो. इतका महाग भाग उतरवण्यापूर्वी अर्धा तास तपासणीला द्या.

गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी ठेवा, इंजिन चालू ठेवा, आणि मदतनिसाला स्टिअरिंग मध्यापासून डावी-उजवीकडे दहा-पंधरा अंश हलकं हलवत राहायला सांगा. तुम्ही खाली प्रत्येक जोडावर हात ठेवून बघा. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा उशिरा हलतो, तिथंच प्ले आहे. आतल्या बॉल जॉइंटसाठी रॅकच्या टोकाचा रबरी बूट हातानं दाबून आतला जोड चिमटीत धरा. अख्खा रॅकच क्रॉसमेंबरवर (चॅसीचा आडवा भाग) सरकत असेल तर बुश गेलेत. तिथं रॅक बदलायची गरज नाही.

मग पुढची चाकं उचला. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून चाक हलवलं आणि ते खडखडलं, तर दोष टाय रॉडच्या बाजूला. बारा आणि सहाच्या जागी हललं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट बघा.

बूट दाबला की आत पाणी खळखळतं का, हेही बघाच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आजही बाजारात आहेत. रॅकमध्ये पाणी शिरलं की मोटरचा जोर दांड्यापर्यंत नेणारा बॉल-नट गंजतो, त्याचा बेल्ट आवाज करू लागतो, आणि काही महिन्यांनी सेन्सरच्या चुका येऊ लागतात. असा रॅक धुऊन, ग्रीस भरून परत बसवू नका. गंजाचे खड्डे पडलेला बॉल-नट ग्रीसनं सुधारत नाही.

किती बळकट करायचं?

हा विचार नीट करा, कारण पैसे इथंच वाया जातात. स्टिअरिंग म्हणजे टाय रॉड एंड, टाय रॉड, आतला बॉल जॉइंट, रॅकचा दांडा, दांड्याचे दात, हाउसिंग आणि बुश अशी साखळी. मूळच्या गाडीत टाय रॉड मुद्दामच सगळ्यात आधी वाकेल असा ठेवलेला असतो. तो स्वस्त असतो आणि वाटेत बदलता येतो. त्यावर जाड स्लीव्ह चढवली की पुढचा धक्का आतल्या जोडाच्या आट्यांवर, नाहीतर रॅकच्या दांड्यावर जातो. मग वाटेतला तासाभराचा खोळंबा टोइंगवर जातो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ब्रॉन्कोच्या बाबतीत फोर्डनं हाच धडा घेतलेला दिसतो. तिथल्या एचओएसएस ३.० या सस्पेन्शन पॅकेजमध्ये नुसता टाय रॉड जाड केलेला नाही, रॅकही जड कामाचा दिला आहे.

आता टायरचं गणित. एंडेव्हरचा मूळ २६५/६० आर १८ टायर साधारण ७७५ मिमी व्यासाचा. २८५/६५ आर १८ घातला तर व्यास ८२८ मिमी, म्हणजे जवळपास सात टक्के जास्त. पण रॅकला टायरच्या उंचीपेक्षाही रिमचा ऑफसेट (रिमची मध्यरेषा आणि हबवर टेकणारी बाजू यांतलं मिमीमधलं अंतर) जास्त छळतो. मूळ रिमचा ऑफसेट ५५ आहे. दिसायला छान म्हणून २५ चा रिम लावला की चाक ३० मिमी बाहेर जातं. समजा आधी चाकाच्या मध्यापासून किंगपिनच्या रेषेपर्यंत, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं त्या रेषेपर्यंत, जमिनीवर १० मिमी अंतर होतं. ते आता ४० झालं. म्हणजे दगडावर आपटल्यावर स्टिअरिंगला मिळणारा झटका चौपट. रॅक वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे योग्य ऑफसेटचा रिम निवडणं, आणि तो या लेखातल्या बाकी सगळ्या कामांच्या आधी करायचा.

आमचं मत असं: मूळ ऑफसेट, मूळच्या जवळचा टायर आणि ५० मिमीपर्यंतची लिफ्ट असेल तर उत्तम दर्जाचे नवे टाय रॉड आणि नवे बुश पुरेत. टायर ३३ इंचाच्या आसपास, पुढं डिफ लॉक किंवा विंच, आणि दर पावसाळ्यात चिखल-दगडाची वारी असेल, तरच पूर्ण रॅकचा विचार करा.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काय वाट्टेल ते बनवून मिळतं आणि त्या कारागिरीबद्दल आम्हाला अभिमान आहे. रॅकखालची ४ मिमी पत्र्याची स्किड प्लेट, पुलर, बुश दाबायचे ड्रिफ्ट हे तिथूनच करून घ्या. पण टाय रॉड वेल्डिंग करून लांब करणं, किंवा कुठल्या ग्रेडचं लोखंड आहे हे न विचारता नवा टाय रॉड टर्न करून घेणं, हे करू नका. वेल्डच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि तो वाकत नाही, तुटतो. घाटात टाय रॉड तुटणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

रॅक विकत घेताना

पहिली अट, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगचाच रॅक. ब्रॉन्को फक्त डाव्या स्टिअरिंगची आहे, त्यामुळे तिच्यासाठी मिळणारे तयार बळकट रॅक पाहून ऑर्डर देऊ नका. आपल्या कामाचे भाग थायलंड किंवा ऑस्ट्रेलियाच्या बाजारातले, रेंजर आणि एव्हरेस्ट (एंडेव्हरचंच तिकडचं नाव) या नावांनी मिळणारे. त्यातही रेंजर रॅप्टरपासून सावध राहा. तिचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, साध्या रेंजरपेक्षा १५० मिमी रुंद आहे, तेव्हा टाय रॉडची लांबी, कोन आणि मॉड्यूलचं कॅलिब्रेशन जुळेल असं गृहीत धरता येत नाही.

फोर्डच्या पार्ट नंबरचे तीन तुकडे असतात: पुढचा भाग, मधला मूळ नंबर आणि शेवटची अक्षरं. मधला नंबर जुळला म्हणजे तो स्टिअरिंग रॅक आहे एवढंच कळतं. शेवटची अक्षरं बदलली की आतलं हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअर बदललेलं असू शकतं. दुकानदाराकडून लेबलचा स्पष्ट फोटो मागवा आणि तो चॅसी नंबरवरून मिळणाऱ्या पार्ट नंबरशी ताडून पाहा. नव्या नंबरनं जुना रद्द केला असेल तर तसं लेखी विचारून घ्या.

वापरलेला रॅक घ्यायचा असेल तर ज्या गाडीतून काढला तिचा चॅसी नंबर मिळालाच पाहिजे. प्रोग्रॅमिंगच्या वेळी तो लागतो, आणि ती गाडी पुरातली होती का हेही शोधता येतं. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर तो रॅक तिथंच ठेवून या.

पाना लावण्याआधीचं काम

हे काम चुकलं तर पुढचं सगळं अवघड होतं. जुना रॅक गाडीत आहे, त्याचं मॉड्यूल अजून बोलतं आहे, तोवर त्यातली माहिती वाचून साठवा. स्टिअरिंग जड झालं असलं तरी मॉड्यूल बऱ्याचदा जिवंत असतं.

लागेल ते असं: फोरस्कॅन (गाडीची मॉड्यूलं वाचणारं-लिहिणारं सॉफ्टवेअर) असलेला लॅपटॉप आणि यूएसबीचा चांगला अॅडॉप्टर, ओबीडीलिंक ईएक्स किंवा व्हीलिंकर एफएस या कामासाठीच बनलेले आहेत. शे-दोनशे रुपयांचा ब्लूटूथ अॅडॉप्टर कोड वाचायला चालेल, मॉड्यूलमध्ये लिहायला कधीही वापरू नका. तो मधेच अक्षरं गाळतो आणि अर्धवट लिहिलेलं मॉड्यूल हाताशी येतं. फोरस्कॅन फोर्ड आणि माझदा घराण्यापुरतंच आहे. महिंद्राच्या गाडीसाठी कंपनीचं टूल लागतं, तेव्हा रॅक मागवण्याआधीच अधिकृत वर्कशॉपला विचारा की दुसऱ्या पार्ट नंबरचा रॅक ते प्रोग्रॅम करून देतील का. नाही म्हणाले तर तिथंच थांबा.

आता सगळ्या मॉड्यूलचं पूर्ण स्कॅन करून चुकांचे कोड साठवा. मग स्टिअरिंग मॉड्यूलचा अॅज-बिल्ट डेटा, म्हणजे कारखान्यात लिहिलेल्या सेटिंग्ज, फाइलमध्ये उतरवा. फोर्डमध्ये स्टिअरिंगच्या ओळी ७३० नं सुरू होतात. त्याचबरोबर बॉडी मॉड्यूल ७२६ आणि एबीएस ७६० यांचाही बॅकअप घ्या. मॉड्यूलचा हार्डवेअर पार्ट नंबर, स्ट्रॅटेजी (मूळ सॉफ्टवेअर) आणि कॅलिब्रेशन (त्या गाडीसाठी ठरवलेले आकडे) हे तिन्ही लिहून ठेवा किंवा स्क्रीनचा फोटो काढा. फाइल लॅपटॉपवर आणि फोनवर, दोन्हीकडे हवी.

फोर्ड कंपनीच्या आयडीएस किंवा एफडीआरएस या टूलवर काम होणार असेल तर त्यातली मॉड्यूल बदलण्याची प्रक्रिया, म्हणजे पीएमआय, जुना रॅक जोडलेला असतानाच सुरू करावी लागते. टूल जुन्याकडून माहिती वाचतं, मग इग्निशन बंद करून भाग बदला असं सांगतं. पुष्कळ जण आधी रॅक बदलतात आणि मग टूलवाल्याला बोलावतात. तेव्हा त्याच्यासमोर रिकामं मॉड्यूल असतं आणि चॅसी नंबरवरून कारखान्याचा डेटा शोधत बसावं लागतं.

व्होल्टेज

रॅकची मोटर जागेवर उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ८० अँपिअरच्या घरात करंट खेचू शकते. वायर, फ्यूज आणि अर्थ (चॅसीवरून बॅटरीच्या ऋण खांबाकडे जाणारी जोडणी) मिळून फक्त ०.०२ ओहमचा जास्तीचा रोध असला, तरी ८० अँपिअरला १.६ व्होल्ट तिथंच खर्च होतात. बॅटरीवर १२.४ दिसतं, रॅकला १०.८ मिळतं. मॉड्यूल कमी व्होल्टेजचा यू३००३ कोड टाकतं आणि मदत कमी करतं. लोक रॅकला दोष देतात.

रॅक बदलण्याआधी आणि नंतर ही चाचणी करा: मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरी रॅकच्या अर्थवर, इंजिन चालू, मदतनीस स्टिअरिंग फिरवतो आहे. ०.२ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ काढून, घासून, पुन्हा आवळा. हीच चाचणी धन बाजूला करा. चिखलातून फिरणाऱ्या गाडीत अर्थचा बोल्ट गंजलेला सापडणं अगदी नेहमीचं आहे.

प्रोग्रॅमिंगसाठी साधा चार्जर नको. किमान ५० अँपिअरचा, १३.२ ते १३.६ व्होल्ट स्थिर देणारा पॉवर सप्लाय हवा. एसी, ब्लोअर, दिवे बंद, दारं लावलेली, आणि लॅपटॉपचं स्लीप बंद. कारखाना भागातही वीज जाते, म्हणून पॉवर सप्लाय इन्व्हर्टरवर घ्या.

जुना रॅक काढणं

चाकं सरळ ठेवा आणि स्टिअरिंग व्हील सीटबेल्टनं किंवा पट्ट्यानं पक्कं बांधा. रॅक सुटल्यावर व्हील गरकन फिरलं तर एअरबॅगची क्लॉकस्प्रिंग (व्हीलखालची गुंडाळलेली वायरपट्टी) तुटते आणि नवा खर्च उभा राहतो. बॅटरीची ऋण तार काढा आणि काही मिनिटं थांबा. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर उभी करा. एवढ्या वजनाला किमान ३ टनांचे स्टँड.

टाय रॉड एंडचा नट काढून पुलरनं जोड सोडवा. हातोडा थेट आट्यांवर मारू नका. लॉक नटच्या जागी पेंटनं खूण करा आणि एंड काढताना किती आटे फिरला ते मोजून लिहा. मग शाफ्टचा पिंच बोल्ट. शाफ्ट आणि पिनियन (रॅकमध्ये शिरणारा दातेरी दांडा) दोन्हींवर एकच सलग खूण करा. दोन-तीन तास आधी सगळ्या बोल्टवर गंज सोडणारं तेल मारलेलं असेल तर काम हलकं होतं.

स्किड प्लेट आणि अँटी-रोल बार बाजूला केल्याशिवाय फोर बाय फोर गाडीत रॅक निघत नाही. काही गाड्यांत क्रॉसमेंबरही खाली घ्यावा लागतो. कनेक्टरची कुलपं ओढून तोडू नका, दाबून सोडवा. इलेक्ट्रिक रॅक हायड्रॉलिकपेक्षा बराच जड असतो. माउंटिंग बोल्ट काढताना खाली ट्रान्समिशन जॅक किंवा दुसरा गडी हवाच. आणि मोटरला धरून तो कधी उचलू नका.

नवा बसवणं

नवा रॅक मध्यावर आहे याची खात्री करा. दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या दांड्याची लांबी मोजली आणि ती सारखी भरली की रॅक मध्यावर. रॅक एका खुंटीनं किंवा टोपणानं मध्यावर अडकवून आला असेल, तर शाफ्ट जोडेपर्यंत ती काढू नका. एका दातानं शाफ्ट चुकला तर पुढं अलाइनमेंटवाला टाय रॉड एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड करून व्हील सरळ करेल. गाडी सरळ जाईल, पण एका बाजूला वळण कमी पडेल आणि मॉड्यूलला शेवटचा टोक-बिंदू वेगळाच दिसेल.

आधी सगळे माउंटिंग बोल्ट हातानं पकडवा, मग मॅन्युअलच्या क्रमानं टॉर्क रेंचनं आवळा. एकदाच वापरायचे म्हणून दिलेले बोल्ट, विशेषतः पिंच बोल्ट आणि टाय रॉडचे नट, नवेच घ्या. टॉर्कचा आकडा तुमच्या चॅसी नंबरच्या मॅन्युअलमधून घ्या. दुसऱ्या गाडीचा आकडा किंवा पाइप लावून 'बास, बसलं' असं करू नका. बोल्ट आवळल्यावर पेंटची रेघ मारा, म्हणजे पुढच्या तपासणीत तो फिरला का ते नुसतं बघून कळतं.

टाय रॉड मोजलेल्या आट्यांवर आणा. १.५ मिमी पिच आणि १३० मिमीची स्टिअरिंग आर्म धरली तर टाय रॉडचा एक पूर्ण फेरा म्हणजे चाकाचा साधारण ०.६६ अंश कोन. १७ इंचाच्या रिमवर पुढं-मागं जवळपास ५ मिमीचा फरक. म्हणून सूत लावून रिमच्या पुढच्या आणि मागच्या अंतरात १-२ मिमी टो-इन (चाकं पुढून किंचित आत झुकलेली) राहील एवढं जुळवा. एवढ्यावर अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सावकाश जाता येतं, पण डॅशवरचे स्टिअरिंगच्या इशाऱ्याचे दिवे विझल्यानंतरच.

प्रोग्रॅमिंग

पॉवर सप्लाय जोडा, इग्निशन चालू, इंजिन बंद. आता हा क्रम मोडू नका.

१. पूर्ण स्कॅन करा. नव्या मॉड्यूलमध्ये यू२१०० म्हणजे प्राथमिक कॉन्फिगरेशन झालेलं नाही, किंवा यू२१०१ म्हणजे कॉन्फिगरेशन जुळत नाही, हे येणं अपेक्षित आहे. घाबरू नका.

२. नव्या मॉड्यूलचा आहे तसा अॅज-बिल्टही आधी साठवा, आणि त्याचा पार्ट नंबर, स्ट्रॅटेजी, कॅलिब्रेशन जुन्याशी ताडून बघा.

३. सॉफ्टवेअर अपडेट करायचं असेल तर ते आत्ता, कॉन्फिगरेशनच्या आधी. अपडेटनंतर कॉन्फिगरेशन पुसलं जाऊ शकतं.

४. पीएमआय पूर्ण करा किंवा साठवलेला अॅज-बिल्ट लिहा. ओळींची संख्या आणि लांबी दोन्ही मॉड्यूलमध्ये सारखी असेल तरच. प्रत्येक ओळीच्या शेवटचे दोन अंक चेकसम असतात. ते फोरस्कॅन स्वतः काढतं, हातानं बदलू नका.

५. इग्निशन बंद करा, एक मिनिट थांबा, पुन्हा चालू करा. कोड पुसा, परत स्कॅन करा.

६. इंजिन चालू करून गुळगुळीत फरशीवर स्टिअरिंग सावकाश पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे न्या, टोकावर क्षणभर थांबा, मध्यावर आणा. बऱ्याच गाड्या टोक-बिंदू असेच शिकतात.

७. स्टिअरिंग अँगलचं शून्य, म्हणजे व्हील सरळ असताना सेन्सरनं दाखवायचा शून्य कोन, सध्या तात्पुरतं सेट करा. खरं शून्य अलाइनमेंटनंतर.

सगळ्यात कठीण प्रसंग येतो तो जड आवृत्तीचा, दुसऱ्या कॅलिब्रेशनचा रॅक बसवल्यावर. ओळी जुळत नाहीत आणि जुना डेटा मॉड्यूल नाकारतं. अशा वेळी जबरदस्तीनं लिहू नका. रॅक ज्या गाडीसाठी बनला तिच्या चॅसी नंबरचा कारखान्याचा डेटा मूळ धरा, आणि आपल्या गाडीत जे आहे किंवा नाही तेवढंच बदला. उदाहरणार्थ, एंडेव्हरच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये पार्क असिस्ट आहे; ते मॉड्यूलमध्ये बंद राहिलं तर पार्किंगचं बटण चालणार नाही. उलट नसलेली सोय चालू ठेवली तर मॉड्यूल न येणाऱ्या संदेशाची वाट बघत कोड टाकत राहील. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर फाइल वेगळ्या नावानं ठेवा.

स्टिअरिंगचा हलकेपणा-जडपणा मात्र अॅज-बिल्टमधल्या एखाद्या अंकानं मनासारखा होईल, अशी आशा धरू नका. वेगानुसार किती मदत द्यायची याचे नकाशे कॅलिब्रेशनमध्ये असतात. हलक्या गाडीचं कॅलिब्रेशन जड टायरच्या गाडीत गेलं की महामार्गावर स्टिअरिंग मध्याभोवती लवलवतं किंवा हात सोडल्यावर परत येत नाही. असा रॅक घेऊन घाटात जाऊ नका. योग्य कॅलिब्रेशन मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा.

अडलं तर कुठं बघायचं

मॉड्यूल अजिबात बोलत नाही आणि बाकीची मॉड्यूलं यू०१३१ म्हणजे 'स्टिअरिंगशी संपर्क नाही' असं सांगतात, तेव्हा आधी मोठा फ्यूज आणि दोन्ही कनेक्टर बघा. नंतर बॅटरीची तार सोडवून, स्कॅनर जोडतात त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजा. ६० ओहमच्या आसपास असेल तर कॅन लाइन (मॉड्यूलं एकमेकांशी बोलतात ती तारांची जोडी) ठीक. १२० असेल तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर तुटलेली. शून्याच्या जवळ असेल तर दोन्ही वायर कुठंतरी एकमेकींना टेकल्या आहेत. क्रॉसमेंबर खाली-वर करताना हार्नेस (वायरांचा जुडगा) चेपला जाणं हे त्याचं नेहमीचं कारण.

एबीएसमध्ये यू०४२० आला तर स्टिअरिंग बोलतं आहे, पण त्याची माहिती एबीएसला पटत नाही. कॉन्फिगरेशन अर्धवट आहे किंवा अँगलचं शून्य झालेलं नाही, असा त्याचा अर्थ. रॅक परत काढायची गरज नाही.

फ्लॅश करताना, म्हणजे मॉड्यूलमध्ये सॉफ्टवेअर लिहिताना, काम मधेच थांबलं तर काहीही ओढून काढू नका. पॉवर सप्लाय चालू ठेवा, इग्निशन चालू ठेवा, आणि तीच फाइल पुन्हा लिहून बघा. बूटलोडर (मॉड्यूल सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) शाबूत असेल तर मॉड्यूल लिहिण्याची वाट बघत असतं. घाईनं बॅटरी काढली तर वाचणारं मॉड्यूलही हातचं जातं.

अलाइनमेंट आणि शून्य

कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (चाक वळण्याच्या रेषेचा पुढं-मागं कल) आणि शेवटी टो (चाकांची वरून दिसणारी दिशा), असाच क्रम ठेवा. लिफ्ट केलेल्या गाडीत कॅस्टर कमी झालेला असतो आणि स्टिअरिंग परत न येण्याचं कारण तेच निघतं. त्याचा दोष नव्या रॅकवर जाऊ देऊ नका. टो झाल्यावर व्हील अगदी सरळ धरून स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर सेट करा. नंतर सरळ, सपाट रस्त्यावर लाइव्ह डेटात कोन एक-दीड अंशाच्या आत राहतो का बघा. थार रॉक्ससारख्या लेन असिस्ट असलेल्या गाडीत समोरच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशनही करून घ्यावं लागतं, कारण तो कॅमेराच रॅकला वळायला सांगतो.

टायर सात टक्के मोठा असेल तर मीटर १०० दाखवताना गाडी १०७ नं धावते. वेगावर ठरणारी स्टिअरिंगची मदतही त्यामुळे चुकीच्या वेगाची मिळते. टायरचा परिघ बॉडी मॉड्यूलमध्ये दुरुस्त करा.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी कंपनीच्या मूळ तपशीलापेक्षा वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. कंपनीचाच, त्याच गाडीसाठीचा रॅक हा बदली भाग. दुसऱ्या मॉडेलचा रॅक, मोठे टायर आणि लिफ्ट यांबद्दल आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा, उत्तर लेखी घ्या.

रॅक टिकवायचा तर

चाक दगडात अडकलं असेल तर स्टिअरिंग टोकावर दाबून धरू नका. मोटर तापते, मॉड्यूल मदत कमी करतं, आणि नव्या रॅकमध्ये दोष आहे असं वाटतं. इंजिन चालू ठेवून काही मिनिटं स्टिअरिंग सोडून द्या, मदत परत येते. विंच ओढत असताना व्होल्टेज पडतं, तेव्हाही स्टिअरिंग जड होईल हे धरून चला. विंचची अर्थ वायर रॅकच्या अर्थ बिंदूवर जोडू नका, थेट बॅटरीवर न्या.

घाट उतरून तापलेला रॅक लगेच ओढ्यात घालू नका. थंड पाण्यात आतली हवा आकसते आणि बुटाच्या सैल क्लॅम्पमधून पाणी आत ओढलं जातं. पाच-दहा मिनिटं थांबून मग उतरा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर पेंटच्या रेघा बघून सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं तपासा, हजार किलोमीटरनंतर पुन्हा, आणि जून लागण्याआधी दोन्ही बुटांचे क्लॅम्प, अर्थचा बोल्ट आणि कनेक्टरचे सील.